हात घालण्याआधीची ओळ

बातमी आली तेव्हा मी इंदापुरात एका सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी उभी होते. सुट्टीच्या दिवशी आणि दुपारनंतरसुद्धा जनावरांचा डॉक्टर मिळालाच पाहिजे, अशा मागणीचं आमचं निवेदन होतं आणि खिडकीतले गृहस्थ पोच द्यायला शिक्का शोधत होते. तेवढ्यात वरकुट्याच्या सुरेखावहिनीचा फोन आला. "ताई, दस्तगीरभाई गेलं." मी विचारलं, "कुठं गेले?" खरंच असं विचारलं मी. कारण दस्तगीरभाई सदा कुठंतरी गेलेलेच असायचे. घरी फोन केला तर सुप्याला गेलेत, सुप्याला केला तर आत्ताच निघाले. मग वहिनी म्हणाली, "पुण्याच्या दवाखान्यात... सकाळी. त्यास्नी कुत्र्याचा रोग झालता म्हणं." मी ओरडलेच, "त्यांना कुत्रं कधी चावलं?" "कुत्रं न्हाय ओ ताई... आमची गाय." इतक्यात खिडकीतल्या गृहस्थांना शिक्का सापडला. तो त्यांनी कागदावर मारला, कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "झालं तुमचं."

ज्यांना ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दस्तगीर मुलाणी, राहणार कन्हेरी, तालुका बारामती. आमच्या गोठ्यापासून त्यांचं घर हाकेच्या अंतरावर. पशुवैद्यकातली पदविका घेतलेली. नोकरी मिळाली नाही की त्यांनीच घेतली नाही, यावर गावात दोन मतं आहेत. वीस-पंचवीस वर्षं बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत, सुप्याच्या माळापासून वरकुट्याच्या उसापर्यंत, अडलेली गाय, फुगलेली म्हैस, विहिरीत पडलेली शेळी, जिथून फोन येईल तिथं मोटारसायकलवरून हजर व्हायचं, हा त्यांचा उद्योग. लोक डॉक्टर म्हणायचे. ते दर वेळी दुरुस्त करायचे, "डॉक्टर बारामतीत हायती, मी त्येंच्या हाताखालचा." आणि अवघड काही दिसलं की त्या मोठ्या डॉक्टरांना चारचौघांत, जराही न लाजता, फोन लावून विचारायचे. आमच्या आळीतले किसनआबा त्यांना हटकून डिवचत, "मुलाण्या, तुझ्या आज्यानं अख्ख्या गावाची बोकडं कापली अन् तू शेळ्या वाचवीत हिंडतोस. घराण्याचं नाव घालवलंस लेका." भाई मोटारसायकलला किक मारता मारता म्हणत, "आज्यानं कापली तेवढी वाचवूस्तवर थांबायचं न्हाय, आबा. तवर तुमीबी जायचं न्हाय. साक्षीला कोण पायजे." किसनआबा आहेत अजून. मयतीला काठी टेकत आले होते.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती फोनवर. शेजारी असूनही. मी कॉलेजात होते. रविवार होता, वडील लग्नाला गेलेले, घरात मी आणि आई. आमची चंद्री दावं तोडून ओल्या लसूणघासात शिरली आणि तासाभरात तिचं पोट असं फुगलं की कातडी तुकतुकीत दिसायला लागली. सरकारी दवाखान्याला कुलूप. आई नुसती "अगं बाई, अगं बाई" करत गोठ्यात येरझाऱ्या घालत होती. भाईंना फोन लावला तर ते सुप्याला. म्हणाले, "फोन तिच्या डाव्या कुशीला लाव आन् दुसऱ्या हातानं टिचकी मार." मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण लावला. टिचकी मारली. ढोलकीवर मारावी तसा आवाज आला. "ऐकलं. ढोल झालाय. पर घाबरू नको, अजून येळ हाय," असं म्हणून त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. पुढचे पाय ओट्यावर चढव. लिंबाची काठी तोंडात आडवी बांध, तिला चघळू दे. गोडं तेल पाज, पण तिचं नाक आभाळाकडं करून ओतू नको, फुप्फुसात जाईल, मग मी येऊनबी काय उपयोग न्हाय. आणि मग म्हणाले, "फोन बंद करू नको. खिशात ठिवतो. मी निघालोय."

सुपे ते कन्हेरी. सगळ्या रस्त्यानं माझ्या कानात वाऱ्याचा घोंगावा, हॉर्न, आणि मधूनच ओरडणं, "हायस का?" "हाय!" "ती?" "तीबी हाय!" आई म्हणाली, "कुणाशी गं बोलतीयस एवढी किंचाळून?" ते दारात पोचायच्या थोडं आधी चंद्रीनं एवढी मोठी ढेकर दिली की आई दचकून मागं सरली. भाई उतरले, कुशीवर हात ठेवला, कान लावला आणि गंभीर चेहऱ्यानं मला म्हणाले, "मंग मला कशाला बोलावलं?" त्या दिवशी मला कळलं की पशुवैद्य पोचायच्या आधीचा जो वेळ असतो, तो रिकामा नसतो. त्यात काही करता येतं. पुढं मी यावर भाषणं केली. टाळ्याही घेतल्या. मूळ धडा त्यांचा होता, हे कधी सांगितलं नाही.

शिक्षण संपल्यावर मी एका संघटनेत गेले आणि पत्रकं लिहायला शिकले. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंचा एक दंडक होता: एक कागद, एक मागणी, आणि पत्रकात ‘पण’ नको. ‘पण’ आला की वाचणारा कागद खाली ठेवतो. मला तो दंडक फार आवडला. माझा स्वभावच तसा आहे, अर्धं-मुर्धं मला सोसत नाही. गावाकडं परत आले ती हीच धार घेऊन, आणि पहिलं धरलं ते भाईंनाच. त्यांच्या ओसरीत बसून त्यांना सांगितलं, "भाई, तुम्ही धावता म्हणून सरकार झोपतं. तुम्ही एक महिना घरी बसा. चार गाई मरू द्या. मग बघा, दवाखान्यात माणसं नेमतात की नाही." जैतूनभाभी आतून चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. भाई हसले नाहीत. म्हणाले, "त्या चार कुणाच्या, ती नावं तू सांग. तुझ्या आईची चंद्री धरू का पहिली?" मग त्यांनीच चहाचा कप माझ्याकडं सरकवला, "भांड की गं त्यांच्याशी. मी कुठं नगं म्हणतोय? तू भांड, तवर मी जाऊन येतो." तेव्हापासून मला नाव पडलं, पत्रकवाली.

गणपतीनंतर आम्ही दोघांनी मिळून ‘पहिला अर्धा तास’ नावाचं पत्रक काढायचं ठरवलं. डॉक्टर येईपर्यंत गोठ्यातल्या माणसानं काय करायचं, एवढंच त्यात. भाई सांगत गेले, मी लिहीत गेले. पोटफुगी, विजेचा धक्का, सर्पदंश, अडलेलं वासरू. घशात कणीस अडकलं तर काय, याच्यावर ते बराच वेळ बोलले, कारण आपल्याकडं मक्याचं पीक निघालं की हे हमखास होतं. गाय चारा गिळत नाही, लाळ गळते, मान ताणते. दाढांमध्ये लाकडी ठोकळा धरा, हात घाला, अडकलेलं काढा. आणि मग बोट वर करून म्हणाले, "थांब. त्याच्या आधी एक ओळ लिही. हात घालण्याआधी बघा: आवाज बसलाय का, उगंच हंबरतीय का, कधी कुत्रं चावलं व्हतं का. एक जरी गोष्ट आसंल तर तोंडाला हात लावू नका. फोन करा. मी येतो." मी म्हटलं, "का?" म्हणाले, "पिसाळलेली गाय आन् घास अडकलेली गाय, पयल्या दिवशी दोघी सारख्याच दिसत्यात. चांगली चांगली माणसं फसत्यात."

मी ती ओळ लिहून घेतली. आणि छापखान्यात जाऊन काढून टाकली.

हे मी सरळ लिहिते आहे, कारण आडून लिहिण्याची मला सवय नाही आणि आत्ता ती लावून घ्यायची नाही. कागद भरला होता. खाली आमची मागणी मोठ्या अक्षरांत हवी होती, "चोवीस तास पशुवैद्य मिळालाच पाहिजे!", आणि तिला जागा पुरत नव्हती. मला ती ओळ म्हणजे एक ‘पण’ वाटली. हात घाला म्हणायचं आणि लगेच घालू नका म्हणायचं, माणसं गोंधळतील, असं मी छापखानेवाल्यालाच समजावून सांगितलं. तो बिचारा मान हलवत होता. पत्रकं छापून आली. अर्धी मी घेतली, इंदापूरच्या बाजूला वाटायला. अर्धी भाईंनी, कन्हेरी आणि सुप्याच्या बाजूला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "पत्रक झ्याक झालंय. ती कुत्र्याची ओळ काय दिसंना गं?" मी म्हटलं, "जागा नव्हती, भाई. पुढच्या खेपेला टाकू." ते म्हणाले, "बरं." मला वाटलं, पटलं त्यांना.

थंडी पडली, उसाला तोड आली, आणि एका सकाळी भाईंचा फोन. "कुठं हायस?" "इंदापुरात." "वरकुट्याला गोदाक्काच्या वस्तीवर ये. येताना साबण आण. चार-पाच वड्या." "कसला साबण?" "कुठलाबी. लवकर ये." मी अंगाच्या साबणाच्या पाच वड्या घेऊन पोचले तेव्हा हौदापाशी पाच माणसं रांगेनं उभी होती. गोदाक्का, म्हणजे त्या घरातली म्हातारी, तिचा मुलगा, सून सुरेखावहिनी, शेजारचे दोन गडी. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत फेसानं भरलेले आणि भाई त्यांच्यासमोर मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभे. त्यांचेही हात ओले होते. गाय लांब, लिंबाच्या झाडाला दुहेरी दाव्यानं बांधलेली. गोदाक्का वैतागली होती. "आरं भाई, लगीन हाय का काय माझं? किती घासू? कातडं निगंल!" "निगू दे आक्का, खालनं गोरी निगशील. अजून सात मिन्टं." "ह्याच्या मायला, सात मिन्टं म्हणं..." शेजारचा गडी खदखदला, "म्हातारी गोरी झाली तर म्हातारा वळकायचा न्हाय." सगळे हसले. भाईंनी माझ्याकडून साबण घेतला, कागद फाडला, एकेकाच्या हातात दिला आणि मला हळूच म्हणाले, "तू गायीकडं जाऊ नको." त्यांच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला, अंगठ्याखाली, एक ओरखडा होता. तो ते पुन्हा पुन्हा पाण्याखाली धरत होते.

मी सुरेखावहिनीजवळ गेले. तिला अजून काहीच समजलं नव्हतं, ती आपली मला कौतुकानं सांगत होती. काल सांजेपासून गाय खाईना, लाळ गळायला लागली. बाजारात ताईंनी दिलेलं पत्रक घरात होतंच. त्यात बघून ठोकळा लावला, आधी आक्कानं हात घातला, मग तिच्या मुलानं, मग शेजाऱ्यांनी. काही लागेना. म्हणून भाईंना फोन केला. भाई आले, लाळ बघितली, विचारलं, कुत्रं-बित्रं चावलं होतं का? न्हाय म्हटलं. खरंच कुणाला माहीत नव्हतं, गाय उसाच्या कडेला बांधलेली असते, कोण बघतंय. ती मान ताणत होती, गुदमरल्यासारखी. त्यांनी हात घातला. "आन् हात आत आसताना ती हंबरली, ताई. कसातरीच आवाज, घोगरा. भाईंनी हात काढला आन् जागेवर खांबावानी उभं राहिलं. मंग आक्काला म्हणलं, अशी कवापासनं हंबरतीय? आक्का म्हणली, परवापासनं. माजावर आलीया वाटलं. तर भाई म्हणलं, मंग मला फोनवर का न्हाई सांगितलं? आक्का म्हणली, त्येचा काय संबंध? पत्रकात कुठं इचारलंय?"

गोठ्याच्या लाकडी मेढीला, खांबाला, ते पत्रक खिळ्यानं ठोकलेलं होतं. खाली मोठ्या अक्षरांत माझी मागणी. मला ते उभ्या जागेवरून वाचता येत होतं... भाईंची त्या मेढीकडं पाठ होती. त्या दिवशी, आणि नंतरही कधी, त्यांनी त्या कागदाविषयी एक शब्द काढला नाही. मी वाट बघत होते की ते काढतील. ओरडतील, म्हणजे मला ओरडून उत्तर देता येईल. काही नाही. हात धुऊन झाल्यावर त्यांनी सगळ्यांना उन्हात बसवलं आणि शांतपणे सांगितलं की ही गाय पिसाळलेली आहे, ती दोन-चार दिवसांत जाईल, आणि तुम्ही सगळ्यांनी आजच्या आज सुया घ्यायच्या आहेत, ठरलेल्या सगळ्या, एकही चुकवायची नाही. वस्तीवर एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, आमच्यात हिचंच दूध येतं. भाई म्हणाले, "उकळूनच पितासा न्हवं? मंग भ्या न्हाय. धारा काढणारा कोण, लाळ पुसली कुणी, तेवढं सांगा." एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला, मी काल हितं बसून तमाखू खाल्ली, मला सुई लागंल का? "आबा, तमाखूची सुई अजून निघाली न्हाय," भाई म्हणाले. बारामतीच्या मोठ्या डॉक्टरांना त्यांनी फोन करून बोलावलं, पुढचं सगळं त्यांनी बघितलं. तिसऱ्या दिवशी गाय गेली.

पाचही जणांना दवाखान्यात ते स्वतः घेऊन गेले. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःही सुई घेतली, मी डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्या खेपेला गोदाक्का हटून बसली होती. हात बरा आहे, गाय मेली, आता कशाला? भाई तिच्या ओट्यावर अर्धा तास बसून राहिले, तिनं दिलेली भाकरी खाल्ली, आणि म्हणाले, "आक्का, तू न्हाय आलीस तर मी हितनं उठत न्हाय. तिकडं एका गावात म्हैस अडलीया. ती मेली तर पाप तुझ्या डोक्यावर." म्हातारी शिव्या देत उठली. आणि म्हैस हा काही बहाणा नव्हता. त्यांना दवाखान्याच्या दारात सोडून भाई तसेच मोटारसायकलवरून सुप्याकडं निघाले. मी म्हटलं, "भाई, तुमची सुई?" म्हणाले, "उद्या घेतो की. ही काय पळून जातीय? ती म्हैस जाईल." पुढच्या खेपांना मी नव्हते. एकदा फोनवर विचारलं होतं, तर म्हणाले, "माझं झालंय." मी मान्य केलं. सुरेखावहिनीनं विचारलं, तिलाही तेच. ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या गोठ्याला ‘उद्या येतो’ म्हटलं नाही, त्यानं स्वतःला तेवढं म्हटलं होतं. आणि आमच्यापैकी एकानंही त्यांचं सुयांचं कार्ड बघायला मागितलं नाही. गाईच्या कानातला बिल्ला आम्ही वाचून बघतो.

शेवटचं मला भाभींकडून कळलं. शिमग्याच्या आसपासची गोष्ट. चार दिवस हात मुंग्या आल्यासारखा होतोय म्हणत होते, झोप नव्हती. सकाळी भाभींनी चहा दिला. त्यांनी कप तोंडाला लावला आणि घसा आवळला गेला, चहा बाहेर आला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तसंच. मग कप खाली ठेवला आणि त्याच्याकडं बघत बसले. भाभी म्हणाल्या, "कडक झालाय का?" ते म्हणाले, "चहा बरोबर हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "जैतून, आता मला हात लावू नको. हा कप येगळा ठेव. तू सुया घ्यायच्या, आपल्या पोरीलाबी सांगायचं, जो कोणी मला शिवला आसंल त्यानं घ्यायच्या. कागद आण, नावं सांगतो." वीस-पंचवीस वर्षं जनावरांची दुखणी ओळखणारा माणूस, त्यानं स्वतःचं ओळखलं ते असं, एका चहाच्या कपावरून, बायकोसमोर... आणि ओळखल्यावर पहिलं काम काय केलं, तर यादी. भाभी सांगत होत्या आणि मला राग येत होता. कुणाचा, ते कळत नव्हतं. पुण्याला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी शक्य ते केलं. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की करण्यासारखं फार काही उरत नाही, हे भाईंना त्या डॉक्टरांइतकंच माहीत होतं.

त्यानंतर मी मला येतं ते करायला बसले. त्यांच्या मृत्यूवर पत्रक. दोषींची मला वानवा नव्हती. दुपारनंतर कुलूप लागणारे दवाखाने. रिकाम्या जागा. जनावरांच्या तोंडात हात घालणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या माणसांना आधीच लस द्यायला हवी, हे कुणाच्याच कामात न बसणारं काम. हे सगळं खरं आहे. आजही मी ते प्रत्येक खिडकीपाशी जाऊन म्हणेन, आणि पोच घेतल्याशिवाय हलणार नाही. पण पत्रक पुरं होईना. दर वेळी मी मागणीपर्यंत यायचे आणि ती मोठी अक्षरं लिहिताना मला वरकुट्याची ती मेढ दिसायची. बाईंचा दंडक मोडून मी आयुष्यात पहिल्यांदा एका परिच्छेदात तीनदा ‘पण’ लिहिलं, आणि कागद फाडला.

ते गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी कन्हेरीला गेले. पाहुणे उठून गेल्यावर ओसरीत भाभी आणि मी दोघीच राहिलो. मी त्यांना सांगितलं. "भाभी, त्यांनी एक ओळ सांगितली होती. ती मी गाळली." त्या चटईची घडी घालत होत्या. घडी पुरी केली, कोपऱ्यात ठेवली. म्हणाल्या, "माहीत हाय मला. त्यांनी सांगितलं व्हतं तवाच." "काय म्हणाले?" "म्हणले, पोरगी घाईत हाय. आपण कुठं घाईत हाय." आणि आत जाऊन त्यांनी कापडात बांधलेला एक गठ्ठा आणला. माझं पत्रक. त्यांच्या वाट्याच्या अर्ध्यांतून उरलेली. वरच्या प्रत्येक कागदावर, माझ्या मागणीच्या खाली, जी कड मी शोभेसाठी कोरी सोडली होती तिथं, निळ्या पेनानं ती ओळ लिहिलेली होती. हात घालण्याआधी बघा. आवाज बसलाय का... अक्षरन् अक्षर सुटं, शाळेतल्या फळ्यावर काढावं तसं. भाईंचं अक्षर औषधाच्या दुकानदारालाही लागायचं नाही, तो फोन करून विचारायचा. इथं मात्र एका मात्रेचीही गफलत नाही. भाभी म्हणाल्या, "रोज संध्याकाळी दहा लिहायचे. हात दुखायला लागला की माझ्याकडं द्यायचे, वाचून दाव म्हणायचे. मला अडखळल्याबिगर वाचता आलं की ते पत्रक पास." कन्हेरीत, सुप्याच्या बाजूला, त्यांनी एकही कागद त्या ओळीशिवाय कुणाच्या हातात दिला नव्हता. मला फोन करून ते ‘बरं’ म्हणाले होते ना, त्याच संध्याकाळपासून.

वरकुट्याला मी वाटली होती.

गठ्ठ्याच्या तळाशी तीसेक पत्रकं त्या ओळीविना राहिली होती. भाभींनी ती वेगळी काढली, पेन शोधलं, माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "लिही. अक्षर बरं हाय तुझं." मी लिहायला लागले. पहिला कागद पुरा करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून, बोट फिरवत, मोठ्यानं वाचला. "आवाज बसलाय का. उगंच हंबरतीय का. कधी कुत्रं चावलं व्हतं का. एक जरी गोष्ट आसंल तर तोंडाला हात लावू नका. फोन करा..." आणि थांबल्या. पुढचे दोन शब्द त्यांनी वाचले नाहीत. कागद माझ्याकडं परत दिला.

"‘मी येतो’ कसं लिहिलंस?" त्या म्हणाल्या. "कोण येतंय?"

मी उरलेल्या कागदांवर ‘फोन करा’पर्यंत लिहिलं आहे. त्याच्यापुढं काय लिहायचं, ते दोन्ही तालुक्यांत विचारत फिरते आहे. पत्रकं अजून भाभींच्या ओसरीतच आहेत, त्याच कापडात.